'दॅट'नंतर 'विल', 'वुड' की 'शुड'? इंग्रजीत दुसऱ्याचे म्हणणे लिहिताना

मराठीत एखाद्याचे बोलणे 'की' जोडून सांगताना मूळ वाक्याचा काळ आपण सहसा तसाच ठेवतो. 'ती म्हणाली की मी उद्या येईन' या वाक्यात 'म्हणाली' भूतकाळी आणि 'येईन' भविष्यकाळी असूनही कोणाला काही खटकत नाही. हीच सवय इंग्रजी लिहिताना सोबत आली की 'शी सेड दॅट शी विल कम टुमॉरो' असे वाक्य तयार होते, आणि महिन्याभरापूर्वीच्या बोलण्याविषयी ते लिहिलेले असेल तर वाचणाऱ्याचा गोंधळ उडतो.

म्हणून सर्वांत आधी मुख्य क्रियापदाचा काळ पाहावा. ते 'सेज' किंवा 'हॅज सेड' असेल, तर 'दॅट'नंतरच्या साहाय्यक क्रियापदाला हात लावू नये. ते 'सेड', 'टोल्ड', 'प्रॉमिस्ड', 'अनाउन्स्ड' असे भूतकाळी असेल, तर 'विल'चे 'वुड', 'कॅन'चे 'कुड' आणि 'मे'चे 'माइट' करावे: 'शी सेड दॅट शी वुड कम द नेक्स्ट डे.' 'मे' परवानगीच्या अर्थाने आले असेल, तर आजच्या इंग्रजीत 'माइट'पेक्षा 'कुड' अधिक स्वाभाविक वाटते. 'वुड', 'कुड', 'माइट', 'शुड' आणि 'ऑट टू' ही रूपे मात्र जशीच्या तशी राहतात.

सांगितलेली गोष्ट अजूनही पुढे घडायची असेल, तर 'विल' ठेवलेले चालते. 'द बोर्ड अनाउन्स्ड यस्टरडे दॅट द एक्झॅम विल बिगिन नेक्स्ट मंथ' हे वाक्य निर्दोष आहे आणि वृत्तपत्रांत अशी वाक्ये नेहमी आढळतात. तरीही परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत 'वुड'च लिहावे, कारण तेथे प्रश्न नियमाचा असतो.

'मस्ट'चा अर्थ पाहिल्याशिवाय त्याचे काय करायचे हे ठरवता येत नाही. 'यू मस्ट साइन द फॉर्म' यात सक्ती आहे, म्हणून 'ही सेड दॅट आय हॅड टू साइन द फॉर्म' असे लिहिता येते. 'मस्ट' तसेच ठेवले तरी चूक नाही. सक्ती पुढच्या काळातली असेल, तर 'वुड हॅव टू' अधिक स्पष्ट होते. परंतु 'ही मस्ट बी टायर्ड', म्हणजे 'तो दमला असणार', हा अंदाज आहे आणि अंदाजातले 'मस्ट' बदलत नाही: 'शी सेड दॅट ही मस्ट बी टायर्ड.' शालेय मार्गदर्शिकांतले 'मस्टचे हॅड टू' हे ठोकळेबाज सूत्र इथे विद्यार्थ्याला हमखास फसवते.

'सजेस्ट', 'रेकमेंड', 'प्रपोज', 'डिमांड' आणि 'इन्सिस्ट' या क्रियापदांचा गट वेगळा आहे. इथे 'वुड' आठवण्याऐवजी आपल्या विध्यर्थाची मदत घ्यावी. मराठीत 'त्याने विश्रांती घ्यावी असे डॉक्टरांनी सुचवले' असे म्हणताना जेथे 'घ्यावी', 'जावे', 'करावे' अशी रूपे येतात, तेथे इंग्रजीत 'शुड' तरी येते किंवा क्रियापदाचे मूळ रूप तरी येते: 'द डॉक्टर सजेस्टेड दॅट ही शुड टेक रेस्ट' किंवा 'दॅट ही टेक रेस्ट'. ब्रिटिश लेखनात 'शुड' पुष्कळ दिसते, तर अमेरिकी लेखनात मूळ रूपाला पसंती असते. दोन्ही बरोबर असली, तरी एका मजकुरात एकच पद्धत पाळावी. या अर्थाने 'सजेस्टेड दॅट ही वुड टेक रेस्ट' मात्र लिहू नये.

ही कसोटी 'इन्सिस्ट'च्या बाबतीत विशेष उपयोगी पडते. 'हिशेब तपासला जावा असा त्यांनी आग्रह धरला' याचे इंग्रजी 'दे इन्सिस्टेड दॅट द अकाउंट बी चेक्ड' असे होईल. 'हिशेब तपासला होता असे त्यांनी ठामपणे सांगितले' याचे 'दे इन्सिस्टेड दॅट द अकाउंट हॅड बीन चेक्ड' असे होईल. पहिल्या वाक्यात मागणी आहे आणि दुसऱ्यात दावा आहे. कार्यालयीन पत्रात या दोहोंची गल्लत झाली, तर न झालेली तपासणी झाल्याचे वाचणारा धरून चालेल. 'सजेस्ट'लाही असाच दुसरा अर्थ आहे: 'द रिपोर्ट सजेस्ट्स दॅट द ब्रिज मे बी अनसेफ' यात अहवाल कोणतीही सूचना करत नसून पूल धोकादायक असण्याची शक्यता दाखवतो, त्यामुळे तेथे 'मे' योग्य ठरते आणि 'शुड'ने अर्थ पार बिघडतो.

नकार देताना मूळ रूपाआधी केवळ 'नॉट' ठेवावे: 'शी रेकमेंडेड दॅट ही नॉट ट्रॅव्हल.' ही रचना कानाला विचित्र वाटते म्हणून अनेक जण 'डझन्ट' किंवा 'डिडन्ट' घालतात. तसे करण्यापेक्षा 'शुड नॉट ट्रॅव्हल' लिहावे, म्हणजे वाक्य शुद्धही राहते आणि अवघडलेलेही वाटत नाही.