पॅराक्वाट मारताय? आधी हे वाचा

‘पॅराक्वाट २४ टक्के’ हे तणनाशक एक-दोन दिवसांत तण जाळतं, म्हणून ते हातोहात खपतं. पण त्यावर उतारा नाही. पाणी न मिसळलेल्या मूळ औषधाचे छोटे दोन-तीन चमचे पोटात गेले तरी माणूस दगावू शकतो. म्हणून सगळ्यात जपायचं ते बाटली उघडल्यापासून पंपात ओतेपर्यंत.

१. पंप आधी साध्या पाण्याने भरून चालवा. झाकण, नळी, ट्रिगर कुठेही गळत असेल तर त्या दिवशी फवारणी नाही. गळक्या पंपाने पाठ भिजत राहते आणि खरचटलेल्या कातडीतून विष अंगात भिनतं.

२. नायट्राइलचे (एक प्रकारचं रबर) हातमोजे, चष्मा, मास्क, गमबूट घाला. पँट बुटाच्या बाहेर ठेवा, नाहीतर ओघळ थेट बुटात.

३. मोजमाप मापानेच, अंदाजाने झाकणं ओतून नव्हे. लेबलवर हेक्टरी २ लिटर औषध आणि ५०० लिटर पाणी असेल, तर १५ लिटरच्या पंपाला ६० मिली. अर्धा पंप पाणी, मग औषध, मग उरलेलं पाणी. ओतताना तोंड बाजूला ठेवा. मूळ औषध डोळ्यात उडालं तर बुबुळाला इजा होते.

पाणी स्वच्छच हवं. गढूळ पाण्यातल्या मातीला पॅराक्वाट चिकटून बसतं आणि तण मरत नाही. मग लोक डोस दुप्पट करतात. दोष पाण्याचा असतो, औषधाचा नाही.

४. कट नोझल (चपटा फवारा सोडणारं) वापरा, त्यावर हूड, म्हणजे तुषार अडवणारं झाकण, लावा. बारीक तुषार नाकात गेले की घोळणा फुटतो. वाऱ्यात मारू नका. नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकायचं नाही. जुना टूथब्रश जवळ ठेवा.

५. रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपातच टाका, मग बाटलीला भोकं पाडा. उरलेलं औषध कोल्ड्रिंकच्या किंवा दारूच्या बाटलीत तर अजिबात नको. बरेच अपघाती मृत्यू तिथूनच होतात.

अंगावर सांडलं तर कपडे उतरवून साबणाने धुवा. डोळे १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा. गिळलं असेल तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, लक्षणांची वाटही पाहू नका: पहिले एक-दोन दिवस माणूस ठीक दिसू शकतो, मग तोंड सोलवटतं, किडनी आणि फुप्फुसं जातात. १०८ ला फोन करा, बाटली सोबत न्या आणि डॉक्टरांना ‘पॅराक्वाट’ हे नाव सांगा, कारण या विषात गरज नसताना दिलेला ऑक्सिजन फुप्फुसांचं नुकसान वाढवतो. दिल्लीच्या एम्समधील विष माहिती केंद्राचा टोल-फ्री क्रमांक: १८०० ११६ ११७.