निकाल विरोधात गेला: अपील कुठे, किती दिवसांत आणि कशाच्या जोरावर

निकाल जाहीर झाला त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, नकलेचा, म्हणजे निकालाच्या सही-शिक्क्याच्या प्रतीचा, अर्ज द्या. वकील बदलायचा की तोच ठेवायचा, अपील करायचे की तडजोड, हे विचार नंतरही करता येतात. नक्कल मात्र आधी मागावी लागते, कारण मुदतीचा सगळा हिशोब तिच्यावर चालतो.

दिवाणी निकालावर जिल्हा न्यायालयात अपील करायला ३० दिवस आणि उच्च न्यायालयात ९० दिवस मिळतात. फौजदारीत शिक्षेविरुद्ध सत्र न्यायालयात ३० दिवस आणि उच्च न्यायालयात ६० दिवस. फाशीची शिक्षा असेल तर ३०. निकालाचा दिवस यात धरत नाहीत. नक्कल तयार व्हायला लागलेला काळही वजा होतो. समजा निकाल १ मार्चला लागला, अर्ज ५ मार्चला दिला आणि नक्कल २० मार्चला तयार झाली. मोजणी २ मार्चपासून सुरू होते, ३० दिवस ३१ मार्चला संपतात. नकलेचे १६ दिवस त्यात मिळवले की शेवटची तारीख १६ एप्रिल. त्या दिवशी न्यायालय बंद असेल तर उघडेल त्या दिवशी दाखल करता येते.

गफलत होते ती पुढच्या दोन ठिकाणी. नक्कल तयार असूनही पक्षकार पंधरा दिवस ती न्यायला जात नाही. ते पंधरा दिवस त्याच्याच खात्यावर पडतात, वजा होत नाहीत. दुसरे, हुकूमनामा (निकालानुसार न्यायालय काढते तो औपचारिक आदेश) अजून लिहून झालेला नाही म्हणून लोक अर्जच देत नाहीत. अर्ज देण्याआधी हुकूमनामा तयार व्हायला न्यायालयाने घेतलेला वेळ मुदतीतून सुटत नाही, असे मुदत कायद्यातच स्पष्ट लिहिले आहे. दिवाणी अपील हुकूमनाम्याची वाट न पाहता निकालपत्राच्या सही-शिक्क्याच्या नकलेवरही दाखल होते. फौजदारीत कैदेची शिक्षा झालेल्या आरोपीला निकालाची एक प्रत लगेच आणि फुकट मिळते; ती मागून घ्या.

मुदत टळली तर अपिलासोबतच विलंब माफीचा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. 'आजारी होतो' एवढ्यावर भागत नाही. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या दवाखान्यात, घरातल्या दुसऱ्या कोणी का धावपळ केली नाही, हे कागदासह सांगा. चाळीस दिवसांचा उशीर प्रामाणिक कारणाने माफ होतो. चार वर्षांचा उशीर आणि कारण एका ओळीचे, असा अर्ज बहुतेकदा तिथेच मावळतो आणि त्याच्यासोबत अपीलही.

कुठे जायचे ते आता पाहू. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर यांच्या निकालावर अपील जिल्हा न्यायालयात जाते. वरिष्ठ स्तराच्या निकालावर ते जिल्हा न्यायालयात की उच्च न्यायालयात, हे दाव्याच्या मूल्यांकनावर ठरते, आणि मूल्यांकन म्हणजे दावा अर्जात लिहिलेले. जमिनीचा आजचा बाजारभाव इथे कोणी विचारत नाही. फौजदारीत प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याने दिलेल्या शिक्षेविरुद्ध सत्र न्यायालय, आणि सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालय. मुंबई उच्च न्यायालयाचे काम मुंबईखेरीज नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोव्यात पर्वरी येथे चालते. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचे सर्किट बेंचही सुरू झाले असून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणे तिथे जातात.

काही निकालांवर अपीलच नाही. दोन्ही बाजूंच्या संमतीने झालेला हुकूमनामा आणि लोकअदालतीचा निवाडा अपिलात जात नाही. सत्र न्यायालयाने तीन महिन्यांपर्यंतची कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंतचा दंड एवढीच शिक्षा दिली असेल तरीही नाही. आरोपीने स्वतः गुन्हा कबूल करून शिक्षा घेतली असेल तर सत्र न्यायालयात फक्त शिक्षा किती किंवा ती कायदेशीर आहे का एवढ्यापुरते भांडता येते. 'कबूल करून टाका, दंड भरून मोकळे व्हा' हा कोर्टाच्या आवारातला सल्ला ऐकण्याआधी हे ठाऊक असलेले बरे. एकतर्फी, म्हणजे प्रतिवादी हजर नसताना, हुकूमनामा झाला असेल तर मात्र दोन वाटा आहेत: अपील, किंवा त्याच न्यायालयात ३० दिवसांच्या आत तो रद्द करण्याचा अर्ज. समन्सच मिळाले नव्हते, अशी तक्रार असेल तर दुसरी वाट बरी, कारण तिथे त्यावर पुरावा देता येतो.

आता मुख्य भाग. वरचे न्यायालय नेमके काय तपासते? साक्षीदार पुन्हा पिंजऱ्यात उभे राहत नाहीत. खालच्या न्यायालयातून कागदांचा गठ्ठा येतो, वकिली भाषेत 'आर अँड पी', आणि त्यात जे आहे त्यावरच युक्तिवाद होतो. पण त्या गठ्ठ्याकडे कोणत्या नजरेने पाहायचे, हे प्रत्येक टप्प्यावर वेगळे असते. अपिलाचा मसुदा बिघडतो तो बहुधा हा फरक न ओळखल्यामुळे.

दिवाणीतल्या पहिल्या अपिलाचा आवाका सर्वांत मोठा. तिथे वस्तुस्थिती आणि कायदा दोन्ही उघडे असतात. न्यायाधीशांना पुरावा स्वतः वाचून, मुद्दे काढून, प्रत्येकावर कारणांसह निर्णय द्यावा लागतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४१, नियम ३१ मध्ये हे बंधन आहे. 'खालच्या न्यायालयाशी मी सहमत आहे' एवढे लिहून अपील फेटाळले गेले, तर तो दुबळेपणाच पुढच्या अपिलाचे कारण होऊ शकतो. तरी साक्षीदाराला समोर पाहिले ते खालच्या न्यायाधीशांनी, म्हणून तोंडी साक्षीवर विश्वास ठेवावा की नाही या प्रश्नात त्यांच्या मताला वजन असते. कागदाचा अर्थ लावताना तसे वजन नसते, कारण कागद दोघांसमोर सारखाच. म्हणून पहिल्या अपिलात दस्तऐवजांवरचे मुद्दे वर घ्या, साक्षीदारांच्या खरेखोटेपणाचे खाली.

दुसरे अपील, याच संहितेच्या कलम १०० खालचे, हे वेगळेच प्रकरण आहे. ते फक्त उच्च न्यायालयात, आणि फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर. तो प्रश्न अपिलाच्या मेमोत, म्हणजे अपिलाच्या लेखी मसुद्यात, नेमका मांडावा लागतो. न्यायालयाला तो पटला तर ते प्रश्न निश्चित करते आणि सुनावणी त्याच्याभोवती होते. दोन्ही खालच्या न्यायालयांनी एकच वस्तुस्थिती मान्य केली असेल तर ती सहसा बदलत नाही. अपवाद म्हणजे पुरावाच नसताना काढलेला निष्कर्ष, किंवा निर्णायक दस्तऐवज डावलून अथवा चुकीचा वाचून काढलेला. 'प्रतिवादीचा साक्षीदार खोटे बोलला' हा कायद्याचा प्रश्न नाही. 'नोंदणीकृत खरेदीखत शाबीत झालेले असताना केवळ सातबाऱ्यावरील नोंदीवरून मालकी ठरवता येते काय?' हा आहे. पैशाच्या वसुलीचा दावा २५,००० रुपयांपर्यंतचा असेल तर दुसरे अपील मुळातच चालत नाही.

तात्पुरत्या मनाई हुकुमासारख्या अंतरिम आदेशावरचे अपील आणखी अरुंद. तो आदेश न्यायाधीशांच्या विवेकाधीन असतो. 'मी असतो तर वेगळा दिला असता' म्हणून वरचे न्यायालय तो बदलत नाही; आदेश मनमानी आहे किंवा ठरलेली कायदेशीर तत्त्वे सोडून दिला आहे, हे दाखवावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये वाँडर विरुद्ध अँटॉक्स या प्रकरणात हे बजावले आणि आजही मनाईच्या अपिलात समोरचा वकील पहिल्यांदा तेच पुढे करतो. तयारी ठेवा.

फौजदारीत शिक्षेविरुद्धच्या अपिलात सगळा पुरावा नव्याने तोलला जातो. आरोपीच्या स्वतःच्या अपिलात शिक्षा वाढवता येत नाही. वाढीसाठी सरकार किंवा पीडित यांच्या बाजूने वेगळी कार्यवाही आणि आरोपीला नोटीस लागते. फाशीचा निकाल तर आरोपीने अपील केले नाही तरी उच्च न्यायालयाच्या शिक्कामोर्तबाशिवाय अमलात येत नाही. निर्दोष सुटकेविरुद्धचे अपील सर्वांत कठीण. आरोपी मुळात निर्दोष धरला जातो आणि सुटकेने ते गृहीतक आणखी घट्ट होते. पुराव्यावरून दोन मते शक्य असतील आणि खालच्या न्यायालयाने त्यातले आरोपीच्या बाजूचे घेतले असेल, तर दुसरे मत अधिक पटणारे वाटले म्हणून निकाल उलटत नाही. चंद्रप्पा विरुद्ध कर्नाटक राज्य, २००७, या निकालात ही तत्त्वे एकत्र मिळतील. सरकारला असे अपील उच्च न्यायालयात करायला परवानगी लागते. पीडिताला ती लागत नाही. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेऐवजी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्याने कलमांचे आकडे बदलले आहेत: शिक्षेविरुद्धचे अपील पूर्वी ३७४, आता ४१५, शिक्षा स्थगिती पूर्वी ३८९, आता ४३०. जुन्या नमुन्यावरून मसुदा उतरवताना हे बघा.

कारणे लिहिताना निकालपत्राचा परिच्छेद क्रमांक आणि पुराव्याची निशाणी (कागदावरचा पुराव्याचा क्रमांक) दोन्ही द्या. 'न्यायालयाने पुराव्याचे योग्य मूल्यमापन केले नाही' हे वाक्य सगळ्याच अपिलांत असते आणि त्याने काहीच कळत नाही. 'परिच्छेद १७ मध्ये ताबा प्रतिवादीचा धरला. पण निशाणी ४२ वरील उलटतपासणीत त्यानेच २०१५ पासून ताबा वादीकडे असल्याचे मान्य केले, त्याचा उल्लेख नाही' हे वाचून न्यायाधीश लगेच तो कागद काढतात. प्रक्रियेतली प्रत्येक चूक कामाची नसते. तिने निकालात फरक पडला हे दाखवता आले तरच ती लिहा. नवा पुरावा द्यायचा असेल तर आदेश ४१, नियम २७ खाली अर्ज लागतो: खालच्या न्यायालयाने तो घ्यायला चुकीने नकार दिला, किंवा पुरेशी काळजी घेऊनही तो तेव्हा मिळाला नाही, किंवा निकालासाठी वरच्या न्यायालयालाच तो हवा आहे. कपाटात पडून राहिलेला कागद यात बसत नाही.

अपील दाखल झाले म्हणजे निकाल थांबला, असा समज सर्रास आहे. थांबत नाही. स्थगितीचा वेगळा अर्ज लागतो. मोठे नुकसान होईल, उशीर केलेला नाही आणि तारण द्यायला तयार आहे, या तीन गोष्टी त्यात दाखवा; पैशाच्या हुकूमनाम्यात रक्कम किंवा तिचा भाग जमा करायला सांगतात. दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, लगेच येईल अशी भीती असेल तर अपिलाच्या मुदतीपर्यंत निकाल देणाऱ्या न्यायालयाकडेच स्थगिती मागता येते. जिंकलेल्या बाजूने वरच्या न्यायालयात कॅव्हेट, म्हणजे आमचे ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये असा अर्ज, टाकून ठेवावे. ते ९० दिवस चालते, संपले की नवे टाका. निकाल अर्धाच आपल्या बाजूचा असेल तर समोरच्याच्या अपिलाची नोटीस मिळाल्यापासून एका महिन्यात आपले आक्षेप दाखल करता येतात. हा हक्क विसरला जातो फार.

फौजदारीत शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल आणि आरोपी जामिनावर असेल तर शिक्षा देणारे न्यायालयच अपिलापुरता वेळ देऊन जामीन देते, म्हणून निकालाच्या दिवशी जामीनदार सोबत असू द्या. चेक न वटल्याच्या खटल्यात वरचे न्यायालय दंड किंवा भरपाईच्या किमान २० टक्के रक्कम ६० दिवसांत भरायला सांगू शकते. कैदेत असलेल्याने तुरुंग अधीक्षकांमार्फत अपील पाठवावे. कैदी, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना उत्पन्न न बघता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

अपील वर्षानुवर्षे पडून राहते आणि मधल्या काळात पक्षकार जातात. जमिनीच्या वादांत तर हे नेहमीचे. मृत्यूनंतर ९० दिवसांत वारसांची नावे लावली नाहीत तर त्या व्यक्तीपुरते अपील आपोआप संपते. ते उठवायला पुढचे ६० दिवस, आणि त्यानंतर पुन्हा विलंब माफी. फौजदारीत कैदेची शिक्षा झालेला अपीलकर्ता वारला तर जवळचे नातेवाईक ३० दिवसांत परवानगी मागून त्याचे अपील पुढे चालवू शकतात. वकिलांकडे दर सहा महिन्यांनी चौकशी करताना तारखेसोबत हेही विचारा की समोरच्या यादीतले सगळे हयात आहेत का.