पीएम किसानचा हप्ता आला नाही? तहसीलला जायच्या आधी हे बघा

"ताई, शेजारणीचं दोन हजार पडलं, माझं कुठं अडकलंय बघ की." हप्ता जाहीर झाला की राधानगरी तालुक्यातल्या माझ्या सेवा केंद्रात दिवसभर हेच चालू असतं. पीएम किसानचे वर्षाला ६ हजार आणि राज्याच्या नमो शेतकरीचे २०२३ पासून आणखी ६ हजार. खताची पोती त्यातून येतात, म्हणून ते अडकलेले बघवत नाहीत.

रोजगार बुडवून तहसीलला पळू नका. पीएम किसानच्या पोर्टलवर ‘नो युवर स्टेटस’ उघडून नोंदणी क्रमांक टाका. पाठ नसेल तर तिथंच मोबाईल किंवा आधार नंबरावरून तो सापडतो. लँड सीडिंग (जमिनीची नोंद जोडणं), ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) आणि आधार-बँक सीडिंग (खातं आधारला जोडणं) या तीन ओळी वाचा. ‘नो’ म्हणजे ‘नाही’ जिथं दिसेल तिथं अडलंय.

ई-केवायसी अडली असेल तर आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी घेऊन घरीच होते. वयस्कर माणसांचे अंगठे उमटत नाहीत, शेतात राबून रेषाच झिजलेल्या असतात. त्यांना पीएम किसान ॲपवर चेहरा दाखवून करता येते. आजीला उजेडात बसवा, चष्मा काढा, डोळे मिचकवायला सांगा.

सगळ्यात जास्त घोळ बँकेचा. "आधार दिलंय की बँकेत," असं सगळेच म्हणतात. पण झेरॉक्स दिली म्हणजे फक्त खात्याची केवायसी झाली. सरकारी पैसे यायला खातं एनपीसीआयकडं, म्हणजे बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या देशपातळीवरच्या संस्थेकडं, आधारशी जोडलेलं लागतं, आणि तशी जोडणी एका वेळी एकाच खात्याला असते. आपल्याकडं ऊसबिलाचं खातं एका बँकेत, दूधबिलाचं दुसऱ्या, पोरानं मोबाईलवर उघडून दिलेलं तिसऱ्याच. शेवटची जोडणी ज्याला झाली, पैसे तिकडं. एक मावशी जिल्हा बँकेचं पासबुक पुन्हा पुन्हा भरून घेत होत्या; पैसे गॅसच्या सबसिडीसाठी कधीतरी उघडलेल्या खात्यात साठले होते. माय आधार पोर्टलवर ‘बँक सीडिंग स्टेटस’मध्ये बँकेचं नाव दिसतं, ते बघून आधी त्याच खात्याचं पासबुक भरा. खातं बदलायचं असेल तर हव्या त्या बँकेत आधार सीडिंगचा संमती अर्ज द्या, शिक्क्याची पोच घ्या. बँकेत दाद लागेना तर पोस्टमनकडून इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं काढा.

लँड सीडिंग अडलं असेल तर सातबारा, आठ-अ आणि आधार घेऊन गावच्या सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांना (आधीचे कृषी सहाय्यक) भेटा. १ फेब्रुवारी २०१९ नंतर खरेदीनं नावावर आलेली जमीन चालत नाही, वारसानं आलेली चालते. म्हणून वडील गेले असतील तर वारस नोंद रखडवू नका, आणि त्यांच्या नावावर येणारा हप्ताही थांबवा, नाहीतर पुढं वसुली लागते. शेतकरी ओळख क्रमांक (फार्मर आयडी) काढताना दुसऱ्या गावातले गट नंबरही जोडून घ्या.

घरात कुणी आयकर भरत असेल तर मात्र लाभ मिळत नाही. नवरा, बायको आणि अल्पवयीन मुलं मिळून एकच कुटुंब धरतात.

व्हॉट्सॲपवर ‘पीएम किसान’ नावाची एपीके फाईल (मोबाईलवर ॲप बसवणारी फाईल) आली तर उघडू नका, त्यातून खाती रिकामी होतात. शंका असेल तर १५५२६१ वर फोन लावा, नोंदणी क्रमांक हाताशी ठेवून.