जुनी शस्त्रं जमवताय? या चुका टाळा

साताऱ्यात जुन्या शस्त्रांची चौकशी करणारे लोक दोन वेळा वाढतात, दसऱ्याच्या आधी आणि शिवजयंतीच्या आधी. जुलै २०२४ मध्ये लंडनहून वाघनखं इथल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आली, तेव्हापासून तर ही विचारणा बारमाही झाली आहे. आवड वाढतेय याचा मला मनापासून आनंद आहे. पण घाईघाईत होणारी नासाडीही वाढतेय आणि ती भरून निघत नाही. त्याच त्या चुका बघून जीव तुटतो, म्हणून हे लिहितोय.

चमकवण्याचा हव्यास

सगळ्यात मोठी चूक हीच. जुन्या पोलादावर दोन तऱ्हेचा गंज असतो. एक काळपट तपकिरी, घट्ट, बोट फिरवलं तरी हाताला न लागणारा. हा थर शांत असतो आणि पात्याचं वय सांगतो. त्याला राहू द्यायचं. दुसरा नारिंगी, भुसभुशीत, बोटाला रंग सोडणारा. हा अजून पातं खातोय, तेवढाच काढायचा. लोक दोन्ही काढतात, तेही मशीन लावून.

पाटण खोऱ्यातल्या एका वाड्यात देवघराशेजारी एक फिरंग, म्हणजे परदेशी धाटणीच्या सरळ पात्याची तलवार होती. पात्यावर मधोमध दोन उभ्या पन्हळी, मूठ आपल्या पद्धतीची, बोटं वाचवायला मुठीवर रुंद परज. मुठीपासून वीतभर पुढे गंजाखाली अक्षरांची रांग होती. पातं खिडकीशी तिरपं धरलं की दोन-तीन रोमन अक्षरं उमटायची. सोळाव्या-सतराव्या शतकात जर्मनीतल्या सोलिंगेनहून आणि इटलीतून पाती आपल्या किनाऱ्यावर यायची आणि इथले कारागीर त्यांना देशी मुठी बसवायचे. गाजलेल्या कारखान्यांच्या शिक्क्यांची नक्कलही सर्रास व्हायची, त्यामुळे अक्षराचं वळण आणि ते किती खोल ठोकलंय हे नीट बघावं लागतं. मी घरच्या काकांना सांगितलं, "काका, हिला काही करू नका. नुसतं तेलाचं बोट फिरवा आणि ठेवून द्या. पावसाळा सरला की भिंग घेऊन येतो, निवांत वाचू."

पावसाळा सरला आणि दसरा आला. पूजेत तलवार लख्ख दिसावी म्हणून पुतण्याने ती फॅब्रिकेशनच्या दुकानात नेऊन बफिंगच्या चाकावर धरली. अक्षरं गेली. पन्हळींच्या रेखीव कडा गोल झाल्या. घर्षणाने पातं तापलं. आपल्याकडे पात्याचं शेपूट मुठीत लाखेने बसवलेलं असतं. ती लाख मऊ पडली आणि मूठ डुगडुगायला लागली. मग घट्ट बसावी म्हणून तिथेच दोन टाके वेल्डिंग मारलं. "दादा, बघा, नवीकोरी केली," असं तो पोरगा कौतुकाने सांगत होता. त्याचा हेतू वाईट नव्हता. पण त्या वाड्यातला एकुलता एक वाचता येण्याजोगा पुरावा अर्ध्या तासात भुगा होऊन दुकानाच्या फरशीवर पडला.

माझी पद्धत साधी आहे. शिलाई मशीनचं तेल, धुऊन मऊ झालेलं सुती कापड आणि बांबूची चीप. त्या नारिंगी, चालू गंजावर तेल सोडायचं, रात्रभर मुरू द्यायचं, सकाळी चिपेने हलकेच खरवडायचं आणि पुसायचं. रोज थोडं थोडं. शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा, म्हणजे जुन्या वस्तू जपायला वापरतात त्या मेणाचा, पातळ हात. महिना लागला तर लागू द्या. चिंच, लिंबू, ॲसिड, पॉलिश पेपर, भांड्यांची पावडर यातलं काहीही पात्याजवळ आणू नका. मुठीवर सोन्याची कोफ्तगारी असेल तर मुळीच नाही. तिथे पोलादावर बारीक आडव्या-उभ्या रेघा ओढून त्यांत सोन्याची तार ठोकून बसवलेली असते. पावडरीने घासलं की सोनं निघून येतं आणि खाली नुसत्या रेघा उरतात.

खंडेनवमीच्या पूजेचंही सांगतो. ओलं हळदकुंकू थेट पात्यावर लावायचं, वर फुलं, पाणी, आणि संध्याकाळी तसंच म्यानात. बोटांच्या ठशाच्या आकाराचे खड्डे पडलेली पाती मी बघितली आहेत. आमच्या घरी शस्त्रापुढे विड्याचं पान ठेवून त्यावर हळदकुंकू वाहतात. पूजा तितक्याच भक्तीने होते.

आधी गोष्ट, मग वस्तू

"ही अमक्या सरदाराची, पानिपतावर गेलेली" हे ऐकून पैसे मोजणारे फार. गोष्ट खरी असेलही, पण ती वस्तूच्या अंगावर कुठे दिसते?

वाघनखांचंच बघा. त्यांच्यासोबतच्या पेटीवर इंग्रजीत मजकूर आहे. शिवाजी महाराजांनी ज्या वाघनखांनी मोगल सेनापतीला मारलं ती ही, आणि ती साताऱ्याचा रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचा प्रतिनिधी, जेम्स ग्रँट डफ याला पेशव्यांच्या प्रधानाने दिली, असा त्याचा आशय. अफझलखान मोगलांचा नव्हता, विजापूरच्या आदिलशाहीचा होता, हे आपल्याकडे शाळकरी पोराला ठाऊक आहे. प्रतापगडचा प्रसंग १६५९ चा, ग्रँट डफ साताऱ्यात आला १८१८ मध्ये. मधली दीडशेहून जास्त वर्षं ही वस्तू कुणाकडे होती? ती लंडनच्या ज्या संग्रहालयाची आहेत ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय स्वतःच सांगतं की ही तीच वाघनखं आहेत याची खात्री करता येत नाही. महाराजांच्या पराक्रमाला याने तसूभरही बाधा येत नाही. जगातलं एवढं मोठं संग्रहालय इतकं जपून बोलतं, तर सांगलीच्या एखाद्या भंगारवाल्याने सांगितलेल्या घराण्याच्या नावावर आपण दुप्पट पैसे का मोजावेत?

मी वहीत समोरासमोरची दोन पानं ठेवतो. डावीकडे विकणाऱ्याने सांगितलेलं सगळं, तारखेसह. उजवीकडे फक्त डोळ्यांना दिसलेलं आणि मोजलेलं: लांबी, वजन, जाडी, शिक्के, दुरुस्त्या. भाव उजव्या पानावरून ठरवायचा.

बाकीच्या चुका, थोडक्यात

जड म्हणजे जुनी, हा भ्रम. लढायची जुनी तलवार साधारण किलोभराची, थोडं इकडेतिकडे. हातात घेतल्यावर मनगट दुखवणारी तलवार बहुतेक वेळा सजावटीसाठी पत्र्यातून कापलेली असते. मुठीजवळ आणि टोकाजवळ पात्याची जाडी मोजा. हाताने घडवलेलं पातं टोकाकडे पातळ होत जातं, कापलेलं शेवटपर्यंत एकसारखं राहतं.

मूठ हाताला लहान वाटते म्हणून ती पोराची किंवा बाईची समजू नका. ती पकड मुद्दाम आवळ ठेवलेली असते, पहिलं बोट परजेवरून पुढे घेऊन धरायची.

सरळ पातं मराठी आणि वाकडं मोगली, अशी वाटणी करू नका. पातं आणि मूठ एकाच वयाची धरू नका. ब्रिटिशांच्या १७९६ च्या घोडदळी तलवारीची पाती देशी मुठींत बसवलेली आढळतात.

जौहर, म्हणजे पोलादावर दिसणारी लहरदार नक्षी, बघून भुलू नका. खऱ्या जौहरदार पोलादातली लहर धातूतच असते, ॲसिडने काढलेली नक्षी वरवर. खोटी नक्षी बऱ्याचदा ठराविक अंतरावर तशीच्या तशी परत येते.

चिलखत घेताना एकेक कडी बघा. लढाईच्या चिलखतातल्या कड्या बहुधा रिव्हेट मारून बंद केलेल्या असतात. नुसती टोकं जुळवलेल्या कड्यांचं बरंचसं काम एकोणिसाव्या शतकातलं, दरबारी थाटासाठी केलेलं. ते टाकाऊ नाही, पण त्याला शिवकाळाचा भाव देऊ नका.

आपला जिल्हा फौजींचा. क्वचित एखाद्या घरातून दुसऱ्या महायुद्धातून आणलेली जपानी तलवारही निघते. तिच्या मुठीतली बांबूची खुंटी काढली की शेपूट दिसतं. त्यावरचा गंज कधीच पुसायचा नाही. जाणकार त्याच्या रंगावरून वय ठरवतात आणि घडवणाऱ्याची सही असली तर तिथेच असते. दुसऱ्या महायुद्धातल्या कितीतरी तलवारी कारखान्यात बनलेल्या आणि नंबर ठोकलेल्या आहेत, हेही लक्षात ठेवा.

पावसाळ्यात पातं म्यानात ठेवू नका. कातडं आणि लाकूड ओल धरतात आणि महाबळेश्वर-कोयनेकडच्या हवेत तर पंधरवड्यात गंज चढतो. म्यानातून काढताना हात धारेच्या बाजूला आवळू नका. जुन्या म्यानाची शिवण उसवलेली असते, पातं सरळ बोटात उतरतं.

गडावरून तोफगोळा, भाल्याचं टोक, काहीही उचलून आणायचं नाही. जमिनीत सापडलेल्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते, हा कायदा १८७८ पासून आहे. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावशेष ठरते. तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. ठासणीची बंदूक मिळाली तर घरी आणण्याआधी पोलीस ठाण्यात विचारा. १९५९ च्या शस्त्र कायद्यातली सूट दुरुस्त करूनही चालू न शकणाऱ्या जुन्या हत्यारालाच आहे. आणि मिरवणुकीत तलवार नाचवून रील टाकू नका. गुन्हा दाखल होतो आणि शस्त्र मुद्देमालात पडून गंजतं.

कुणा जाणकाराला फोटो पाठवणार असाल तर तलवार हातात धरून काढलेला फोटो उपयोगाचा नाही. पांढऱ्या कापडावर ठेवा, सकाळच्या तिरप्या उजेडात, शेजारी मोजपट्टी. एक पूर्ण लांबीचा, एक परजेच्या आतल्या बाजूचा, एक मूठ आणि पातं जुळतात तिथला, एक पात्याच्या पाठीचा. फोटोआधी काहीही पुसू नका.