नकाशा फक्त भूगोलाच्या तासाला नको

भिंतीवरचा नकाशा मुलं पाहतात, वाचत नाहीत. वाचायला यावा यासाठी एकदा तरी तो स्वतः काढावा लागतो. सुरुवात वर्गखोलीपासून करा. आलेख कागद, मोजपट्टी, मीटर टेप. एका गटात चार मुलं. प्रमाण १:५० ठेवा, म्हणजे जमिनीवरचा १ मीटर कागदावर २ सेंमी. ८ बाय ६ मीटरची खोली १६ बाय १२ सेंमीत बसते आणि ए-फोर कागदावर खुणांच्या सूचीलाही जागा उरते. आधी भिंती, मग दार-खिडक्या, शेवटी बाकं.

इथे हमखास बाकांना पाय फुटतात. मुलं समोरून दिसतं तसं काढतात. कंपासपेटी जमिनीवर ठेवा, भोवती उभं राहून वरून बघायला सांगा. पेटीचा आयत झाला की बाकाचाही होतो. दुसरी चूक म्हणजे खोली मापाने आणि बाकं अंदाजाने. ती मावत नाहीत तेव्हा खोडून देऊ नका, एक बाक मोजायला लावा. होकायंत्र लोखंडी कपाटाजवळ धरलं तर प्रत्येक गटाची उत्तर दिशा निराळी येते.

तीच खोली १:१०० ने काढली की गणिताचा तास तयार. लांबी निम्मी, पण क्षेत्रफळ १९२ वरून थेट ४८ चौसेंमी. बहुतेक मुलं ९६ म्हणतात. म्हणू द्या, मग चौकोन मोजू द्या.

विज्ञानाला १८५४ सालच्या लंडनमधली कॉलऱ्याची साथ घ्या. डॉक्टर जॉन स्नोने तेव्हा काढलेल्या नकाशावरच्या मृत्यूंच्या खुणा आणि पाण्याचे पंप यांची प्रत द्या, दोषी पंप मात्र सांगू नका. शेजारच्या दोन-दोन पंपांना जोडणाऱ्या रेषेचा लंबदुभाजक काढला की प्रत्येक पंपाचा इलाखा ठरतो (भूमितीतली ही रचना मुलांना एरवी निरुपयोगीच वाटते). बहुतेक खुणा ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती पडतात. खरी चर्चा अपवादांवर होते: जवळच्याच श्रमगृहात (गरिबांना काम देऊन ठेवायची जागा) मृत्यू इतके कमी का? तिथे स्वतःची विहीर होती, हे उत्तर शेवटी द्या.

भाषेत कथेतल्या पात्राचा मार्ग काढून घेता येतो. तिथे प्रमाणाचा आग्रह नको. अंतराऐवजी बाणावर लागलेला वेळ लिहिला तरी चालतं.

प्रती काढताना नकाशा लहान-मोठा झाला तर '१:५०' हे अंकप्रमाण खोटं ठरतं. म्हणून मूळ नकाशावरच रेषाप्रमाण, म्हणजे मीटरच्या खुणा केलेली छोटी पट्टी, काढून ठेवा. ते नकाशाबरोबर लहान-मोठं होतं.