सिस्टरची दांडी कमी करायची, तर आधी रजा पक्की करा

"सिस्टर फार दांड्या मारतात" ही तक्रार शंभर खाटांच्या हॉस्पिटलात आली, की मस्टर तपासण्याआधी रजेच्या अर्जांचा गठ्ठा काढा. नामंजूर झालेल्या सीएलच्या (कॅज्युअल लीव्ह, किरकोळ रजा) तारखा एका बाजूला आणि "बरं वाटत नाही, येत नाही" असा फोन आलेल्या तारखा दुसऱ्या बाजूला मांडा. बऱ्याच तारखा जुळतील. भावाचं लग्न तीन आठवडे आधी सांगूनही रजा मिळत नसेल, तर त्या दिवशी ताप येणारच. पुढच्या वेळी तर ती अर्जही करणार नाही, थेट तापच येईल. म्हणून कामाचा क्रम असा: आधी माणसांचा हिशेब, मग ड्युटी लिस्ट, मग फोन आणि परतल्यावरचं बोलणं. शिस्तीची कारवाई सर्वांत शेवटी.

माणसं पुरेशी आहेत का?

वर्षाचे ३६५ दिवस घ्या. त्यातून ५२ साप्ताहिक सुट्ट्या, ८ सणांच्या पगारी सुट्ट्या आणि ८ सीएल वजा करा. अर्जित रजा दर २० दिवस कामामागे एक, म्हणजे साधारण १४. उरतात २८३ दिवस. ३६५ भागिले २८३ केलं की १.२९ येतात, म्हणजे वर्षभर रोज एक जागा भरायला इतकी माणसं लागतात. हाच गुणक. (सुट्ट्या आणि रजांचे हे आकडे महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातले आहेत. खासगी हॉस्पिटलही त्या कायद्यात 'आस्थापना' आहे, हे अनेक ट्रस्टींच्या गावी नसतं.) इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषांत ३० टक्के लीव्ह रिझर्व्ह (रजेवरच्यांच्या जागी लागणारी जादा माणसं) धरलेला असतो, तोही इथेच येऊन मिळतो.

आता वॉर्डाला लावून पाहा. ३० खाटांचा मेडिसिन वॉर्ड, सहा रुग्णांमागे एक सिस्टर, म्हणजे प्रत्येक पाळीला पाच आणि दिवसाला पंधरा. पंधरा गुणिले १.२९ म्हणजे १९.३५, थोडक्यात वीस. प्रत्येकीमागे वर्षाला १० दिवस आजारपण धरलं तर गुणक १.३४ होतो आणि उत्तर वीसच राहतं. नाइटनंतर जादा ऑफ देत असाल तर तेही वजा करा, आकडा आणखी वाढेल. तुमच्याकडे सोळा जणी असतील, तर सगळ्या शंभर टक्के प्रामाणिक असल्या तरी रोज एखादी पाळी उघडी पडणारच. मग तिथे डबल ड्युटी लागते, डबल करणारी दोन दिवसांनी आजारी पडते आणि तिच्या जागी तिसरी डबल करते.

बाळंतपणाची रजा या गुणकात नाही, ती वेगळी धरा. रजा २६ आठवड्यांची, म्हणजे अर्धं वर्ष. साठ जणींच्या स्टाफमध्ये वर्षाला चार बाळंतपणं झाली, तर दोन पूर्ण वेळच्या जागा कायम रिकाम्या राहतात. तारीख सहा महिने आधी कळलेली असते. तरी बदली माणूस शोधायला सुरुवात होते ती रजा सुरू झाल्यावर.

नोंद कशी ठेवायची

साधी एक्सेल शीट पुरते. रकाने सात: तारीख, नाव, वॉर्ड, कोणती पाळी, फोन किती वाजता आला, कारण, किती दिवस. कारणांचे ठरलेले प्रकार सात-आठच ठेवा: ताप-सर्दी, कंबर-पाठ, मासिक पाळीचा त्रास, मूल किंवा घरातलं आजारी, प्रवास, परीक्षा, घरचं कार्य, सांगितलं नाही. तीन महिन्यांनी वार लावून पाहा. सोमवारी जास्त आहे का? नाइटच्या पहिल्या दिवशी? ऑफला जोडून? एकाच वॉर्डात? एकाच वॉर्डात गोळा झाली असेल तर सिस्टरांची झडती घेण्याआधी त्या वॉर्डाची ड्युटी लिस्ट आणि इन्चार्जची बोलण्याची पद्धत पाहा.

दिवसांबरोबर खेपाही मोजा. अपेंडिक्सच्या ऑपरेशनसाठी एकदाच दहा दिवस गेलेली आणि दहा वेळा एकेक दिवस गेलेली, दोघींच्या नावावर दहाच दिवस. वॉर्डाला मात्र दुसरी कितीतरी जड जाते. ब्रॅडफर्डचं सूत्र हेच दाखवतं: खेपांचा वर्ग गुणिले दिवस. पहिलीचे गुण १०, दुसरीचे १०००. हा आकडा कुणाशी आधी बोलायचं ते ठरवण्यापुरता वापरा. त्यावरून मेमो काढू लागलात तर मायग्रेन असलेली किंवा डायलिसिसवरच्या सासूला सांभाळणारी सिस्टर सर्वांत आधी सापडेल, आणि ती तुमची चांगली सिस्टर असू शकते.

ड्युटी लिस्ट

शनिवारी संध्याकाळी लागून सोमवारपासून लागू होणारी लिस्ट हे दांडीचं मोठं कारण. लिस्ट चार आठवड्यांची करा आणि सुरू होण्याच्या किमान चौदा दिवस आधी लावा. त्याआधी एक आठवडा ऑफ-रिक्वेस्टची वही वॉर्डात उघडी ठेवा. प्रत्येकीला महिन्याला दोन तारखा मागता येतील, आणि जमत नसेल तर नकार दोन दिवसांत, कारणासह, त्याच वहीत. "बघू" हे उत्तर बंद करा. "बघू" म्हटलं की सिस्टर ते नाहीच असं धरते आणि स्वतःची सोय करते.

आठ-दोन, दोन-आठ आणि रात्री आठ ते सकाळी आठ अशा पाळ्या असतील, तर सलग सहा नाइट म्हणजे आठवड्याला ७२ तास होतात. कायद्याची मर्यादा ४८ ची. म्हणून सलग तीन नाइट, फार तर चार. पाळ्या पुढेच सरकू द्या: मॉर्निंग, मग इव्हिनिंग, मग नाइट. उलट फिरवलं की झोपेची घडी बसत नाही. आणि ज्या सकाळी नाइट उतरली तो दिवस ऑफ म्हणून लिहू नका. तिची ड्युटी आठला संपते, ओव्हर (पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती) देईपर्यंत पावणेनऊ होतात, ती दुपारभर झोपते आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा ड्युटी. याला ऑफ म्हटलं तर खरा ऑफ ती स्वतः काढून घेते. नाइटच्या फेरीनंतर उतरण्याचा दिवस सोडून पूर्ण दोन दिवस द्या.

आपसातली ड्युटी बदलू द्या. एक ओळीचा फॉर्म, दोघींच्या सह्या, आदल्या दिवसापर्यंत इन्चार्जची मंजुरी. अटी दोनच: आयसीयूची बदली आयसीयूचं काम येणारीशीच, आणि बदलामुळे नाइट उतरून त्याच दिवशी इव्हिनिंग पडता कामा नये.

सणांची वाटणी सणांचा मोसम सुरू होण्याआधीच मिटवा. प्रत्येकीकडून तीन पसंती क्रमाने घ्या. कोकणातल्यांना गणपती हवा असतो, केरळच्या सिस्टरांना ओणम किंवा ख्रिसमस, कुणाला ईद, कुणाला गावची जत्रा. सगळ्यांना दिवाळीच हवी असते हे गृहीत धरल्याने निम्मं भांडण होतं. मागच्या वर्षीची यादी जपून ठेवा: गेल्या दिवाळीला ड्युटी केली तिला यंदा पहिला हक्क. ईद चंद्रावर असल्याने तिच्या दोन्ही बाजूंना एकेक रिलीव्हर (कुणी आलं नाही तर तिच्या जागी जाणारी सिस्टर) मोकळा ठेवा.

परीक्षांकडे व्यवस्थापन डोळेझाक करतं. खासगी हॉस्पिटलातल्या बऱ्याच सिस्टर-ब्रदर सरकारी भरतीची तयारी करत असतात, मग ती एम्सची नॉरसेट असो वा राज्याची भरती. परीक्षेला जाते म्हणून सांगितलं तर "नोकरी सोडणार वाटतं" असं ऐकावं लागतं, म्हणून त्या दिवशी चार जणींना एकदमच उलट्या होतात. हॉल तिकीट दाखवल्यावर रजा हमखास, असा नियम लावा. तारीख तुम्हाला आधी कळेल, आणि जाणारी तशीही जाणारच आहे.

फोन आणि परत आल्यावर

येणार नाही हे कळवायला एकच नंबर ठेवा, ड्युटीवरच्या सुपरवायझरचा, चोवीस तास चालू. मॉर्निंगसाठी सहापर्यंत, इतर पाळ्यांसाठी चार तास आधी. स्वतः फोन करायचा. वॉर्डाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं नाही, आणि ग्रुपवर इन्चार्जने टोमणाही मारायचा नाही. फोनवर तीनच प्रश्न: काय होतंय, कधीपर्यंत येऊ शकाल, काही मदत हवी का.

परतल्याच्या दिवशी इन्चार्जने पाच-दहा मिनिटं बाजूला घेऊन बोलावं. नर्सिंग स्टेशनवर नाही, वॉर्डातल्या मावशी आणि नातेवाइकांसमोर तर नाहीच. "आता ठीक आहात का? कामात काही बदल हवा का?" इथपासून सुरुवात. चौथी-पाचवी खेप असेल तर शीट समोर ठेवा आणि तारखांबद्दल विचारा. हे बोलणं एकीशी केलं आणि दुसरीशी नाही, तर ते बोलणंच शिक्षा ठरतं. सगळ्यांशी करा, कधी न चुकणाऱ्या सीनियरशीसुद्धा.

उलटे फिरणारे उपाय ओळखून ठेवा. एका दिवसासाठी मेडिकल सर्टिफिकेट मागितलं, की डॉक्टर तीन दिवसांचं देतात आणि ती तिन्ही दिवस घेते. तीनपेक्षा जास्त दिवस असतील तरच मागा. एका दांडीला दोन दिवसांचा पगार कापला तर कायद्यात टिकत नाहीच, वर "कापलाच आहे तर उद्याही राहते" हा हिशेब सुरू होतो. पूर्ण हजेरीचा बोनस लावला तर तापाने फणफणलेली सिस्टर एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) येऊन उभी राहते. आणि तीन तारखेला ज्यांचा बोनस गेला, त्यांना उरलेल्या महिन्यात राखण्यासारखं काही उरत नाही. ईएसआयसीची (कर्मचारी राज्य विमा) आजारपणाची भरपाई ७० टक्के मिळते, पण पहिले दोन दिवस सहसा कोरडे जातात. म्हणून एक-दोन दिवसांचं खरं आजारपण हॉस्पिटलच्या पगारी सिक लीव्हमध्ये बसवा.

खरं आजारपण

कंबर पहिली. रुग्णाला वर सरकवताना पलंगाची उंची कमरेपर्यंत आणा, स्लाइडिंग शीट (रुग्णाला सरकवायची गुळगुळीत चादर) वापरा आणि दोघींनी मिळून उचला. प्रत्येक वॉर्डात एक शीट आणि दर पाळीला एक मामा (वॉर्डबॉय) ठरलेला असेल तरच हे घडतं. भिंतीवरच्या पोस्टरने नाही. हेपॅटायटिस बीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी, मग एक-दोन महिन्यांनी टायटर (लस लागू पडली का ते पाहणारी रक्ततपासणी). फ्लूची लस पावसाळ्याआधी, कारण डेंग्यू-व्हायरलने वॉर्ड भरतो तेव्हाच स्टाफही आडवा होतो. आणि स्टाफचं टॉयलेट वॉर्डाजवळ हवं. ते दोन मजले खाली असलं की सिस्टर पाणीच पीत नाहीत, मग लघवीची जळजळ आणि ताप.

इव्हिनिंग आठला सुटते आणि शेवटची एसटी साडेआठची असेल, तर ओव्हर सव्वाआठला संपलाच पाहिजे. नाहीतर लांबून येणारी इव्हिनिंगलाच बुट्टी मारते. पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघर कायद्यानेच बंधनकारक आहे, दिवसातून चार वेळा बाळाला भेटायला जाण्याच्या मुभेसह.

रिलीव्हर

दिवसाला ४५ जणी ड्युटीवर असतील आणि अचानकची गैरहजेरी ५ टक्के असेल, तर रोज सरासरी सव्वादोन जागा पडतात. पाळीला एक असे तीन रिलीव्हर ठेवा. त्यांना जोडीचे वॉर्ड शिकवा: मेडिसिन-सर्जरी, आयसीयू-एचडीयू (आयसीयूच्या खालोखाल देखरेखीचा वॉर्ड), लेबर रूम-पीएनसी (बाळंतपणानंतरचा वॉर्ड). नवीन लागलेल्या मुलीला रिलीव्हर करू नका. तिला कुठेच औषधाचं कपाट सापडत नाही आणि दोन महिन्यांत ती सोडून जाते. किमान वर्षभर काम केलेली, थोडा भत्ता देऊन. आणि रिकाम्या जागेवर रिलीव्हरला कायमचं बसवू नका, पहिल्याच महिन्यात हा मोह होतो.

पहिल्या तिमाहीत एकूण रजा वाढलेली दिसेल, त्याने घाबरू नका. आधी सांगून घेतलेली किती आणि सकाळी फोनवर कळलेली किती, हे वेगळं मोजा. दुसरा आकडा उतरत असेल तर काम नीट चाललं आहे. तो हलत नसेल, तर ऑफ-रिक्वेस्टच्या वहीतले नकार पुन्हा वाचा.