असं का होतं? मोजून बघा: एक लंबक, एक स्टॉपवॉच, एक वही

प्रश्न सगळ्यांनाच पडतात. बहुतेक वेळा कुणीतरी उत्तर सांगतं आणि विषय तिथंच मिटतो. ऐकलेलं उत्तर स्वतः तपासून बघण्याची गोडी लावायची असेल, तर सुरुवातीला लंबकासारखं दुसरं साधन नाही. सामान किरकोळ लागतं, उत्तर एका संध्याकाळी मिळतं आणि चूक कुठे झाली तेही शोधून काढता येतं. हा शेवटचा गुण सगळ्यात मोलाचा.

आधी प्रश्न लहान करा

‘लंबक कसा चालतो?’ हा प्रश्न तपासता येत नाही. ‘गोळा दुप्पट जड केला तर एका दोलनाला (एकदा जाऊन परत यायला) लागणारा वेळ बदलेल का?’ हा येतो, कारण कोणत्या मोजमापावरून निकाल लागेल हे आधीच ठरलेलं असतं. असे तीन प्रश्न घ्या: वजन बदललं तर काय, झोका मोठा दिला तर काय, दोरा लांब केला तर काय. एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकीच्या दोन तशाच ठेवा.

मोजायला सुरुवात करण्याआधी तिन्हींचा अंदाज वहीत पेनाने लिहा. ‘वाढेल’ एवढं लिहून भागत नाही, साधारण किती वाढेल तेही लिहा. ही पायरी हमखास गाळली जाते, आणि मग आकडे समोर आल्यावर ‘मला वाटलंच होतं’ असं म्हणायला आपण मोकळे होतो.

जुळणी

सव्वा मीटर न ताणणारा दोरा (जाड शिवणदोरा चालतो, नायलॉनचा नको), ५० ते १०० ग्रॅमचा धातूचा गोळा किंवा मोठा नट, दोन सपाट पट्ट्या, मोजपट्टी, कोनमापक आणि सेकंदाचा शंभरावा भाग दाखवणारं स्टॉपवॉच.

दोरा खिळ्याला गाठ मारून टांगू नका. झोक्याबरोबर गाठ खिळ्याभोवती घसरते आणि लंबक नेमका कुठून झुलतोय हेच कळत नाही. दोरा दोन पट्ट्यांमध्ये चिमटीत धरल्यासारखा घट्ट दाबा आणि त्या पट्ट्या उंच कपाटाच्या किंवा दाराच्या चौकटीच्या कडेला पक्क्या बांधा. पट्ट्यांची खालची कड हा टांगण्याचा बिंदू. लांबी तिथून गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची, गाठीपर्यंत नाही, आणि तीही गोळा लटकत असताना मोजायची. सुरुवातीला बरोबर १ मीटर ठेवा.

गोळा सोडताना ढकलू नका. एका पट्टीने तो बाजूला धरा आणि पट्टी चटकन काढून घ्या. हाताचा धक्का लागला की गोळा सरळ रेषेत न जाता लांबट वर्तुळात फिरू लागतो. तसं झालं तर थांबवून पुन्हा सोडा.

वेळ मोजणं

एक दोलन म्हणजे जाऊन परत येणं. गोळा स्थिर असताना त्याच्या बरोबर मागे एक उभी खूण करा. गोळा तिच्यासमोरून जाताना स्टॉपवॉच दाबा, टोकाला असताना नाही. टोकाला तो घुटमळतो, त्यामुळे ‘आता वळला’ तो क्षण नक्की सांगता येत नाही. मध्यातून तो सर्वांत वेगाने जातो, म्हणून तिथला क्षण पकडायला सोपा.

बटण दाबताना ‘शून्य’ म्हणा. पुन्हा त्याच दिशेने खूण ओलांडली की ‘एक’. २० झाल्यावर थांबवा. हाताच्या चुकीमुळे सेकंदाच्या दहाव्या भागाइतकी गफलत होतेच. एकाच दोलनाचा वेळ मोजला तर ती ५ टक्के ठरते, २० दोलनांवर पसरली की पाव टक्का. १ मीटरच्या लंबकाला २० दोलनांसाठी साधारण ४०.१ सेकंद लागतात. प्रत्येक मोजणी पाच वेळा करा आणि पाचही आकडे लिहा. त्यातल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यातलं अंतर म्हणजे तुमच्या हाताची मर्यादा. दोन लंबकांमधला फरक त्याहून लहान असेल, तर फरक सापडला असं म्हणता येणार नाही.

वजनाचा सापळा

इथं बहुतेक जण फसतात. वजन वाढवायचं म्हणून एका नटाखाली दुसरा, त्याखाली तिसरा असे नट लटकवले जातात. वजन वाढतं खरं, पण वस्तुमानाचा मध्यही खाली सरकतो, म्हणजे लंबक लांब होतो. २ सेंटिमीटर लांबी वाढली तर २० दोलनांमागे ०.४ सेकंद जास्त लागतात. पाचही वेळा तोच फरक येतो आणि ‘जड लंबक सावकाश झुलतो’ असा निष्कर्ष वहीत जातो. मोजणी कितीही वेळा केली तरी ही चूक पकडली जात नाही, कारण चूक मोजण्यात नाही, जुळणीत आहे. उपाय म्हणजे एकच छोटी डबी घ्या. एकदा वाळूने काठोकाठ भरा, एकदा लोखंडी छऱ्यांनी. आकार तोच, मध्य तोच, वजन वेगळं. आता फरक दिसेनासा होतो.

झोका आणि लांबी

झोका कितीही मोठा असला तरी वेळ तेवढाच लागतो असं गॅलिलिओ मानत असे. लहान कोनाला हे जवळपास खरं आहे. उभ्या रेषेपासून १० अंशाला वेळ फक्त ०.२ टक्का वाढतो, पण ३० अंशाला १.७ टक्के आणि ६० अंशाला ७ टक्के. म्हणून बाकीच्या प्रयोगांत १० अंशांच्या आत राहा. मोठ्या कोनाला झोका लवकर ओसरतो, तेव्हा तिथं १० दोलनंच मोजा.

लांबीसाठी २५, ५० आणि १०० सेंटिमीटर घ्या. २० दोलनांना अनुक्रमे २०.१, २८.४ आणि ४०.१ सेकंदांच्या आसपास लागतील. लांबी चौपट, वेळ दुप्पट. वहीतला तुमचा अंदाज काय होता, तो आता काढून बघा.

आता आव्हान

याच आकड्यांवरून गुरुत्व त्वरण काढा, म्हणजे खाली पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती मीटर प्रति सेकंदाने वाढतो तो आकडा: ३९.४८ ला मीटरमधल्या लांबीने गुणा आणि एका दोलनाच्या वेळेच्या वर्गाने भागा. समुद्रसपाटीला विषुववृत्तावर ९.७८ आणि ध्रुवांवर ९.८३ यायला हवं. उत्तर १ टक्क्याच्या आत आणायचं. लांबी ५ मिलिमीटरच्या आत आणि २० दोलनांचा वेळ ०.१ सेकंदाच्या आत अचूक असेल तर ते जमतं.

जमलं नाही तर चूक कुठे झाली त्याचा पत्ता आकडाच देतो. १०.९च्या आसपास आलं तर ‘शून्य’ऐवजी ‘एक’पासून मोजलंय. ९.५ आलं तर झोका ३० अंशांचा होता का ते बघा. ९.६५ आलं तर लांबी गोळ्याच्या वरच्या कडेपर्यंतच मोजली असण्याची शक्यता जास्त.

न जुळणारा आकडा खोडू नका. १६७२ मध्ये फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ज्याँ रिशे पॅरिसहून विषुववृत्ताजवळच्या कायेनला गेला, तेव्हा त्याचं लंबकाचं घड्याळ रोज सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं. घड्याळ बिघडलं म्हणून सोडून देणं सोपं होतं. त्याने लंबक किती आखूड करावा लागतो ते मोजून नोंदवलं, आणि पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे या युक्तिवादात न्यूटनने पुढे ती नोंद वापरली.

पुढचा प्रश्न

एक उभी प्लास्टिकची बाटली वाळूने गच्च भरून टांगा आणि वेळ मोजा. मग दोऱ्याला हात न लावता अर्धी वाळू काढून मोजा, शेवटी रिकामी करून मोजा. रिकामी बाटली हवेमुळे लवकर थांबते, तिच्यासाठी १० दोलनं पुरेत. तिन्ही वेळांचा क्रम काय लागेल, ते वाळू भरण्याआधी लिहून ठेवा.